जुनं म्हणा!

नरकचतुर्दशीच्या पहाटे कोणावर रागावू नये, असे माझी आजी सांगत असे. अंगाला उटणे लागलेले असताना धरलेला राग वर्षभर उतरत नाही, असे तिचे शास्त्र होते. गेल्या दिवाळीत मी ते शास्त्र मोडले आणि आजीचे म्हणणे खरे ठरले. राग अजून उतरलेला नाही. म्हणूनच यंदा संपादकांनी कथा मागितली, तरी मी हा लेख पाठवीत आहे. फराळाचे ताट पुढ्यात असताना मास्तराने छडी काढावी, हे बरे दिसत नाही हे मला कळते. पण वाचकहो, कळणे निराळे आणि वळणे निराळे.

घडले ते असे. आमच्या धरमपेठेत दिवाळी पहाट होते. आता कोणत्या गावात होत नाही म्हणा! पहाटे साडेपाचला मांडव भरतो. गुलाबपाणी शिंपडतात, सनई लावतात. रेशमी झब्बे आणि पैठण्या घड्या मोडून बाहेर आलेल्या असतात. एका कोपऱ्यात चहाचे पातेले आणि तर्री-पोह्यांची परात असते, तिच्याकडे सगळ्यांचा एक डोळा असतो, आणि उरलेल्या डोळ्याने व व दोन्ही कानांनी मंडळी भावगीते ऐकतात. गेल्या वर्षी बोलावलेल्या गायकांत माझा एक जुना विद्यार्थी होता. त्याचे नाव मी सांगत नाही, पोरगा भिडस्त आहे. तो स्वतः गाणी लिहितो, चाली स्वतः बांधतो आणि गातोही स्वतः. काही वर्षांपूर्वी त्याचा पहिला अल्बम आला. त्यात पावसाची गाणी होती, कॉलेजच्या कट्ट्याची होती, अंबाझरीच्या पाळीवर संध्याकाळी कोणाची तरी वाट पाहण्याची होती. गिटारवर म्हटलेली, गोड, हलकी, ऐकताक्षणी तोंडात बसणारी. ती गाजली. फोनच्या घंटीपासून लग्नाच्या हॉलपर्यंत सगळीकडे वाजली.

गेल्या वर्षी त्याचा दुसरा अल्बम निघाला. आठ गाण्यांचा. त्यातल्या एकाच गाण्यात गिटार आहे. बाकी सारे खंजिरी, एकतारी आणि एका जुन्या पेटीवर. भाषा त्याच्या घरची, वऱ्हाडी. बाप यवतमाळकडचा कास्तकार. कापसाची गाडी घेऊन जिनिंगच्या दारात दोन रात्री बसलेल्या बापाचे एक गाणे त्यात आहे. गाण्यात बाप काहीच बोलत नाही, बैलांना पाणी दाखवतो आणि पुन्हा येऊन बसतो, एवढेच. चाल तीन सुरांत फिरते, चौथ्याला जेमतेम हात लावते आणि परत खाली येते. मी ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा बायकोने हाक मारली, ती मला ऐकू आली नाही. आठही गाणी अशीच उत्तम आहेत असे मी म्हणत नाही. एक उगाच लांबले आहे, आणि नाग नदीवरच्या गाण्यात खंजिरी इतकी बडवली आहे की शब्द नदीसारखेच गढूळ झाले आहेत. हे मी त्याला सांगितलेही. तेव्हा हा लेख म्हणजे विद्यार्थ्याची जाहिरात नव्हे.

तर त्या पहाटे त्याने नव्या अल्बममधले पहिले गाणे म्हटले. टाळ्या पडल्या, पाहुण्याला पडाव्यात तितक्या. दुसरे म्हणजे ते बापाचे. ते निम्म्यावर आले असेल, इतक्यात पुढच्या रांगेतून आवाज आला, "अरे भाऊ, दिवाळी आहे ना! जुनं म्हण ना बाप्पा!" हशा झाला. मग मागून दुसरा, तिसरा, आणि मग सगळा मांडव टाळ्यांच्या ठेक्यावर "जुनं म्हणा, जुनं म्हणा" करू लागला. पोराने पेटी बाजूला ठेवली, गिटार उचलली आणि अंबाझरीचे गाणे म्हटले. मंडळी खूश झाली. पोहे संपले.

मला या "जुनं म्हणा"बद्दल बोलायचे आहे. ही मागणी निरुपद्रवी दिसते, प्रेमळही दिसते. तुमचे ते गाणे आम्हाला इतके आवडले की पुन्हा ऐकायचे आहे, यात वाईट काय? हलवायाकडे जाऊन आपण गेल्या वर्षीचीच संत्राबर्फी मागतोच की, आणि चव बदलली तर भांडतोही. पण बर्फी आणि गाणे यांत काही फरक आहे की नाही? बर्फीत हलवायाचे वय उतरत नाही. स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्याच्या गाण्यात त्याचे वय उतरते, घर उतरते, त्या वर्षी काय पिकले आणि काय बुडले ते उतरते. बाविसाव्या वर्षी अंबाझरीवर वाट पाहणारा मुलगा आज तिशीत आहे. ज्या मुलीची वाट पाहत होता तिच्याशी त्याचे लग्न झाले, का दुसरीशी झाले, हा आपला प्रश्न नाही. पण तो आता पाळीवर उभा नाही एवढे तरी आपण मान्य करू. त्याला पुन्हा तिथेच उभे करणे म्हणजे शाळा सोडून गेलेल्या पोराला हाफपँट घालायला लावून पहिल्या बाकावर बसवणे.

दुसऱ्याची गाणी गाणाऱ्याची गोष्ट निराळी. गदिमांनी लिहिले, सुधीर फडक्यांनी स्वर दिले, आणि १९५५ साली पुण्याच्या आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. छप्पन्न गीतांचे ते काम पुरे झाले आणि बाबूजी ते पुढे वर्षानुवर्षे गात राहिले. लोकांनी तेच मागितले, त्यांनी तेच दिले, त्यात कोणाचे काही अडले नाही. ते रामाचे चरित्र होते, बाबूजींचे नव्हते. पण जो आपलेच बोलतो आहे त्याला आपण म्हणतो की तू दहा वर्षांपूर्वी जे बोललास तेच बोल, याच्या पुढचे तुझे आयुष्य आम्हाला नको. हे प्रेम आहे? मला तर ते एखाद्याच्या तोंडावर दार लावून घेण्यासारखे वाटते, फक्त दारावर तोरण आहे.

आणि हे आपल्या मातीत नवे आहे असेही नाही. पेशवाईच्या उत्तरकाळात सोलापूरचा रामजोशी लावण्या रचून डफावर गात होता. फड गाजवत होता. पुढे मोरोपंतांच्या आर्यांचे त्याला वेड लागले आणि हा गडी तमाशा सोडून कीर्तनाला उभा राहिला. डफ फोडून टाकला अशी आख्यायिका आहे. फोडला की नाही ते देव जाणे, पण वळला हे खरे. त्या दिवशी फडाच्या रसिकांनी काय म्हटले असेल ते मला आज ऐकू येते.

लांब कशाला? आपल्या वऱ्हाडातला सर्वांत मोठा स्वतः रचणारा आणि स्वतः गाणारा माणूस म्हणजे तुकडोजी महाराज. यावलीचे, १९०९ सालचे. हातात खंजिरी. भजन देवाचे होते तोवर ते सगळ्यांनाच गोड लागले. मग त्या भजनात देश आला आणि १९४२ साली सरकारने महाराजांना तुरुंगात घातले. मग त्यात गाव आले, गावातली घाण आली, भांडणे आली, शिवाशीव आली. १९५५ साली ग्रामगीता आली. खंजिरी तीच होती, पण तिच्यावर काय वाजते आहे ते दर दहा वर्षांनी बदलत होते. ते देवळाच्या ओसरीवरच थांबले असते, तर नागपूरच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव कशाला लागले असते?

पण माझी खरी तक्रार आहे ती सुरेश भटांच्या बाबतीत आपण जे केले, आणि करतो आहोत, त्याबद्दल. भट अमरावतीचे, जन्म १९३२चा. लहानपणी पोलिओने पाय अधू झाला आणि गाण्याची गोडी घरात लागली. १९५५ साली बी. ए. झाले, खेड्यांतून काही काळ मास्तरकी केली (हे लिहिताना मला उगाच बरे वाटते), पुढे नागपूरचे झाले आणि २००३ साली नागपुरातच गेले. आपली कविता ते मैफलीत स्वतः गात, तरन्नुममध्ये. पेटी नाही, तबला नाही, समोर कागदही असेल-नसेल. म्हणजे शब्द त्यांचे, चाल त्यांची, गळाही त्यांचाच. आजकालची पोरे इंग्रजीत ज्याला लांबलचक जोडनाव देतात, तो प्रकार आमच्या धंतोली-सीताबर्डीने फार आधी पाहिलेला आहे.

'रूपगंधा' १९६१ची. त्यानंतर 'रंग माझा वेगळा' यायला १९७४ उजाडले. मधे तेरा वर्षे गेली. मग १९८३ला 'एल्गार', आणि १९९४ला 'झंझावात'. नुसती नावे एकाखाली एक लिहून पाहा. सुगंधापासून वादळापर्यंतची ती वाट आहे, आणि तेहतीस वर्षे हा माणूस ती चालत होता. पहिल्या दिवसांतला हळवा, चांदण्यात भिजलेला कवी पुढे हिशेब मागायला उभा राहिला. लोकांच्या ढोंगाचा, सत्तेचा, आणि वेळ पडली तर स्वतःचाही. १९७९च्या 'सिंहासन' चित्रपटात त्यांचे गाणे आले, ते काही कोणाच्या केसांत माळण्याचे गाणे नव्हते.

आणि बदलले ते फक्त विषय नव्हेत, गाण्याचा सांगाडाच बदलला. भावगीत म्हणजे दोन खोल्यांचे घर. धृपदाच्या दारातून आत जायचे, अंतऱ्यात जरा बसायचे, पुन्हा त्याच दारातून बाहेर. सगळ्या घरात एकच वास, एकच उजेड. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत, आणि भावगीत तेवढ्यात चपखल बसे. गझल म्हणजे चाळ. दर शेराचे बिऱ्हाड वेगळे, एकाला दुसऱ्याच्या सुखदुःखाचा पत्ता नाही, फक्त काफिया आणि रदीफ हा जिना सगळ्यांना सामाईक. शेराची पहिली ओळ म्हणायची, ती पुन्हा म्हणायची, ऐकणाऱ्याला तिष्ठत ठेवायचे, पुढे काय येणार याचा त्याला अंदाज करू द्यायचा आणि मग दुसरी ओळ अशी टाकायची की त्याचा अंदाज चुकावा. हे काम बारा व्हायोलिने मागे घोंगावत असताना होत नाही. त्याला शांतता लागते. तरन्नुम ही त्या शांततेचीच चाल आहे. शब्द पुढे, सूर त्याच्या मागे छत्री धरून. ज्याला ही चाळ बांधायची आहे त्याने दोन खोल्यांच्या घराच्या चाली तशाच कशा ठेवाव्यात?

भटांच्या आधी गझल मराठीत नव्हती असे नाही. माधव जूलियनांची 'गज्जलांजली' १९३३ची. पण गझलेचे सगळे कायदेकानू पाळून ती मराठीच्या वृत्तांत मराठीसारखी बोलती केली ती भटांनी, आणि नव्या पोरांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहून ठेवली. एका गावच्या मास्तराने करावे तसे. त्यातूनच पुढे भीमराव पांचाळ्यांसारखा गायक उभा राहिला, ज्याने मराठी गझल गाण्यालाच आयुष्य दिले.

आता आपले वागणे पाहा. २०१७ साली आपण रेशीमबागेत भटांच्या नावाचे प्रचंड सभागृह उघडले. चांगले झाले. पण दिवाळी पहाटेला भटांचे काय म्हणतात? मी गेल्या दहा वर्षांच्या पहाटा आठवून पाहिल्या. मेंदी, दीप, चांदणे, रात्र. लताबाई आणि आशाबाईंनी गायिलेली, हृदयनाथांनी बांधलेली ती चार-सहा गाणी, थोरच आहेत, त्यांच्यावर बोट ठेवणारा मी कोण? पण भट तिथे संपत नाहीत हो! 'एल्गार' आमच्या मांडवाच्या कनातीपाशी अडवला जातो, आणि अडवणारे आपणच असतो. धरमपेठेतून सायकलीवर पंधरा मिनिटांत दीक्षाभूमी येते. तिथे याच कवीची भीमवंदना लाखो माणसांच्या ओठांवर आहे. आमच्या पुढच्या रांगेतल्या किती जणांना ती भटांची आहे हे ठाऊक आहे, हे मी विचारून पाहिले. उत्तर लिहीत नाही, दिवाळी आहे. एकाच गावात एका कवीचे दोन तुकडे झाले, आणि आपण आपल्या वाट्याचा मऊ तुकडा घेऊन म्हणतो, भट आमचे!

सातासमुद्रापलीकडेही लोक असेच. अमेरिकेतला बॉब डिलन साध्या गिटारवर लोकगीते म्हणत होता तोवर त्याला डोक्यावर घेतले. १९६५ साली न्यूपोर्टच्या जलशात तो विजेची गिटार घेऊन उभा राहिला तर त्याची हुर्रेवडी उडवली. पुढच्या वर्षी मँचेस्टरच्या सभागृहात एकाने त्याला भर मैफलीत 'ज्यूडास' म्हणून हाक मारली, म्हणजे येशूला विकणारा तो शिष्य. डिलनने साथीदारांना आणखी मोठ्याने वाजवायला सांगितले. २०१६ साली त्याला साहित्याचे नोबेल मिळाले. अर्थात नोबेल मिळाले म्हणून तो बरोबर, असे मी म्हणणार नाही. ते मिळाले नसते तरी तो त्या संध्याकाळी बरोबरच होता.

यावर शहाणी माणसे मला विचारतात, "मास्तर, बदल म्हटला की तो चांगलाच का? उद्या तुमचा विद्यार्थी ढोलताशावर अचकट-विचकट म्हणू लागला तर त्यालाही विकास म्हणाल?" प्रश्न रास्त आहे. नाही म्हणणार. बाजाराचा वारा पाहून कूस बदलणारे पुष्कळ आहेत. काल भक्तिगीत, आज लावणीचे विडंबन, उद्या निवडणुकीचे गाणे. त्यांना ओळखायला मॅट्रिकपर्यंतचे शिक्षणही पुरते, माझे तेवढेच आहे. बाजारासाठी बदलणारा श्रोत्यांच्या दिशेने सरकतो, त्याचे गाणे आणखी सोपे, आणखी गोड होते आणि पाकीट जाड होते. माझ्या या पोराने गाजलेली चाल सोडून तीन सुरांची चाल घेतली, शहरी बोली सोडून घरची घेतली, आणि त्याचे पाकीट रिकामे झाले. दुसऱ्या अल्बमनंतर त्याला आलेली बोलावणी पहिल्याच्या निम्म्यानेही नाहीत. असला बदल कोणी हौसेने करीत नाही. चुकत असेल, पण खोटे बोलत नाही. चुकले तर सांगावे, मीही सांगितले. पण त्यासाठी आधी गाणे पुरते ऐकावे लागते, आणि त्या पहाटे ते निम्म्यावर तोडले गेले.

"सणाच्या दिवशी जिनिंगचे रडगाणे कशाला?" असेही एका बाईंनी मला विचारले. बाई सज्जन आहेत, त्यांच्या करंज्या मी दरवर्षी खातो. त्यांना मी एवढेच विचारतो की समईतली वात कशाची असते? कापूस घरात येऊन वात झाला की मंगल, आणि गाडीत असताना अमंगल, असे कसे? दिवाळीच्या सुमारासच वेचा सुरू होतो. आपल्या सणाची आणि त्या गाडीची तिथी एकच आहे, पंचांगात छापलेली नाही इतकेच.

मी गोष्टी लिहितो, त्यामुळे हे दुखणे मला थोडे परिचयाचे आहे. माझी पहिली कादंबरी आमच्या वाड्यावरची होती, विनोदी. अजून भेटणारा माणूस विचारतो, "तसलं काही पुन्हा नाही का?" नंतरच्या तीन कादंबऱ्या त्याने वाचलेल्या नसतात. मी हसून वेळ मारून नेतो. लिहिणाऱ्याला ते जमते, कारण वाचक पुस्तक मिटतो तेव्हा आपण समोर नसतो. गाणाऱ्याच्या तोंडावर पुस्तक मिटले जाते.

आता एक गोष्ट राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख संपादकांकडे पाठवणे अप्रामाणिकपणाचे होईल. कार्यक्रम संपल्यावर मी त्याला मांडवामागे भेटायला गेलो. तो गिटारच्या पेटीचे बंद लावत होता. मी म्हटले, "लोकांचे मनावर घेऊ नकोस रे." तो वर न पाहता म्हणाला, "लोकांचं नाही सर. तुम्ही तिसऱ्या रांगेत होता. तुम्हीपण टाळी वाजवत होता."

वाजवत होतो. सगळ्यांबरोबर हात आपोआप चालू लागले होते, आणि खरे सांगायचे तर अंबाझरीचे गाणे मलाही हवे होते. थंडी होती, पोह्यांचा वास येत होता, आणि त्या बापाजवळ बसून राहण्याचा मला कंटाळा आला होता. वर म्हटले तो राग पुढच्या रांगेवरचा आहे असे वाचकांना वाटले असेल. तसे ते मीच वाटू दिले.

त्या दिवसानंतर तो चार महिने काही गायला नाही. नोकरी आहे, संसार आहे, गाणे सोडले तर कोणाचे काही अडत नाही, असे तो म्हणाला. यंदाची आमच्याकडची पहाटेची पत्रिका छापून आली आहे. तिच्यावर ठळक अक्षरांत 'सदाबहार जुनी गाणी' असे आहे, आणि त्याचे नाव नाही. म्हणून लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या पहाटे साडेपाचला, मी त्याला माझ्या गच्चीवर गायला बोलावले आहे. फार विनवावे लागले. आठही गाणी होतील, लांबलेले ते एकसुद्धा. खुर्च्या वीसच आहेत, त्या वडीलधाऱ्यांसाठी. बाकीच्यांनी सतरंजीवर बसावे, गार लागेल, शाल आणावी. चहा आणि चिवडा आमच्याकडून, पण तो आठवे गाणे झाल्यावर. फर्माईश घेतली जाणार नाही. मी पहिल्या रांगेत बसणार आहे आणि हात मांडीखाली ठेवणार आहे.